पोदलोगचा एक प्रेक्षक

"आज भोपळा!" मी प्रोजेक्टरच्या केबिनच्या खिडकीतून ओरडलो. "बंद करतो, मिलोयका. घरी माझं सूप गार होतंय."

"पंधरा मिनिटं झाली नाहीत अजून," ती खालच्या तिकीटखिडकीतून म्हणाली.

"बाहेर ऊन बघ जरा. सगळं गाव अळंबी गोळा करायला रानात गेलंय. कुत्रंही फिरकायचं नाही इकडे."

"तू यंत्र सांभाळ, रादो. गाव मी सांभाळते."

आमच्या पोदलोगच्या सांस्कृतिक भवनात एकशे ऐंशी खुर्च्या आहेत आणि नगरपालिकेचा एक नियम आहे. खेळाची वेळ झाल्यावर पंधरा मिनिटं थांबायचं, तोवर एकही तिकीट गेलं नाही तर खेळ रद्द. एक जरी गेलं तरी पूर्ण सिनेमा दाखवायचा. त्या रविवारी पाच वाजून चौदा मिनिटांनी मिलोयकाने पर्समधून आपलेच पाच युरो काढले, गल्ल्यात टाकले, तिकीट फाडलं, आणि सातव्या रांगेत अकरा नंबरच्या खुर्चीत जाऊन बसली. तिथे भिंतीला गरम पाण्याची नळी आहे. मी चडफडत दिवे घालवले.

ही काही पहिली वेळ नव्हती. मी आठवडाभर लोकांचे बॉयलर दुरुस्त करतो आणि शुक्रवार ते रविवार संध्याकाळी सिनेमा दाखवतो. तेरा वर्षं झाली. त्या तेरा वर्षांत मी तिला असं एकटीला बसलेलं किती वेळा पाहिलं याची गणतीच नाही. कर्मचाऱ्यांना फुकट पास असतो. तरी ही बाई तिकीट काढायची. आधी मला वाटलं, खेळ रद्द झाला तर माझी मजुरी बुडेल म्हणून करते, आणि मी मनातल्या मनात तिचे आभारही मानले. माणसाला आपण केवढे महत्त्वाचे वाटत असतो!

खरं कारण सोमवारी होतं.

सोमवारी सकाळी नऊला तिकीटखिडकीतला फोन वाजायचा. पलीकडे आल्बिन, राजधानीतल्या सिनेमा वितरण कंपनीतला कारकून. आमचा देश वीस लाखांचा. इथे सिनेमा चालला की पडला हे कोणी पैशांत विचारत नाही, किती माणसं आली ते विचारतात. देशभरातल्या तिकीटखिडक्यांना हा माणूस दर सोमवारी फोन लावायचा, आकडे लिहून घ्यायचा, आणि दुपारी यादी लागायची. मिलोयका आणि तो एकोणीस वर्षं दर सोमवारी बोलत होते. एकमेकांना पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

मिलोयकाची सारी नोकरी टपाल कचेरीतल्या काचेमागे गेली, सोमवारी तेवढी दुपारच्या पाळीत, आणि संध्याकाळ तिकिटाच्या काचेमागे. लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळली होती. आई गेली तेव्हा हिचं वय त्रेपन्न. गावातला प्रत्येक माणूस तिला रोज नमस्कार करायचा, पण काचेतून, आणि सुटे पैसे मोजत. स्वयंपाकघरातल्या फडताळात तिच्या एकाच ताटलीवर ओरखडे होते. मी तिचा बॉयलर दुरुस्त करायला गेलो होतो तेव्हा पाहिलं. बाकीच्या पाच जशाच्या तशा नव्या.

एकदा, गेल्या वर्षाच्या शेवटच्या सोमवारी, मी खिडकीमागच्या खोलीत गळकी नळी बसवत होतो आणि फोन वाजला. त्या जुन्या फोनचा आवाज असा दणदणीत की कान देण्याची गरजच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मी कान दिलाही.

"मिलोयकाबाई, नमस्कार. हवा कशी आहे?"

"ऊन, आल्बिनसाहेब. डिसेंबरात लाज नाही त्याला."

"म्हणजे बोंब! इकडे धुकं आहे, म्हणून आकडे बरे आहेत. बोला."

"शुक्रवार चौदा. शनिवार एकवीस. रविवार एक."

मग तो अगदी हळू म्हणाला, "त्या एकाला कसा वाटला?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाना हातात तसाच राहिला. शून्य सांगितलं असतं तर तो "बरं" म्हणून फोन ठेवणार होता. त्याला अजून चाळीस ठिकाणी फोन लावायचे असत. पण एक म्हटलं की तो विचारायचा, त्या एकाला कसा वाटला. मग ही सांगायची.

"त्याला आवडला," ती म्हणाली. "म्हणजे शेवट नाही आवडला. नवराबायको एकत्र आले ते ठीक. पण त्या कुत्र्याचं पुढे काय झालं ते दाखवायलाच विसरले, असं म्हणत होता."

"हं. पुन्हा नळीजवळच बसला होता का?"

"तिथेच. सातवी रांग, अकरा नंबर. थंडी सोसत नाही त्याला."

"बरोबर कोणी नव्हतं?"

"नाही. बाराही रिकामी, दहाही रिकामी."

सिनेमा होता 'पाचवा पूल'. आमच्याच खोऱ्यात आठ दिवस त्याचं चित्रीकरण झालं होतं. खाटकाची बकरी आणि निम्मं गाव गर्दीच्या दृश्यात आहे. मीही आहे, पाठमोरा. ज्यांचे चेहरे दिसले ते तीन-तीनदा बघायला आले, ज्यांचे कापले गेले ते आले नाहीत आणि दिग्दर्शकाच्या नावाने अजून खडे फोडतात. पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही सहाशे माणसं दिली. मग गाव संपलं. पण देशी सिनेमा म्हणून कंपनीने तो रविवारी पाचला वर्षअखेरपर्यंत चालू ठेवायला सांगितला होता. परदेशी सिनेमे येतात आणि लाखभर लोक गोळा करून जातात. आपला सिनेमा वीस हजारांवर गेला तर सगळ्यांना आपल्याच घरी बारसं असल्यासारखं होतं. कंपनी मग सिनेमा लावलेल्या प्रत्येक ठिकाणी अक्रोडाची पोतित्सा पाठवते. केक तो केकच, पण त्या निमित्ताने गावोगाव चार माणसं जमून कॉफी पितात.

"आता कान देऊन ऐका," आल्बिन म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम तरुण झाला. "तुमचा आकडा मी मुद्दाम शेवटी घेतो आहे. वीस हजार तीन! मिलोयकाबाई, वीस हजार तीन! माझ्या शेवटच्या यादीत गंगेत घोडं न्हालं!"

शेवटची यादी अशासाठी, की नव्या वर्षापासून सगळीकडे तिकिटांचं यंत्र बसणार होतं. आकडे आपोआप जाणार, फोन बंद, आणि आल्बिन निवृत्त.

मी दाराच्या फटीतून पाहिलं. मिलोयका फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत होती, शाळेत छडी खायला उभ्या राहिलेल्या पोरीसारखी.

"आनंद झाला नाही का?"

"आल्बिनसाहेब, त्यातले पाच मी आहे."

"काय?"

"पाच रविवार. कोणी आलं नव्हतं. तो एक म्हणजे मीच. ह्या सिनेमालाही, आणि आधीच्यांनाही. पाच वजा केले तर वीस हजार होत नाहीत. तुम्ही यादी लावायच्या आधी सांगते. तुमच्या शेवटच्या यादीत खोटं नको."

मला वाटलं, संपलं. बाईने एकोणीस वर्षं जपलेलं स्वतःच्या हाताने मोडलं. एवढं खरं बोलायची काही गरज होती? कोणाचं काय बिघडत होतं?

मग पलीकडून हसू ऐकू आलं. हसताना तो खोकला, बराच वेळ खोकला.

"तिकीट काढलंत?"

"काढलं."

"बसलात?"

"शेवटपर्यंत. नावं संपेपर्यंत."

"मग प्रेक्षक आणखी कसा असतो? कोष्टकात नावाचा रकाना नाही, बाई. वीस हजार तीन." मग म्हणाला, "आणि मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली असतील. सगळ्या देशात शून्य येतात, पोदलोगहून कधीच नाही. आणि पोदलोगच्या त्या एकाला प्रत्येक सिनेमात कुत्र्याचीच काळजी. वेगवेगळी माणसं असती तर एखाद्याने तरी कुत्र्याकडे कानाडोळा केला असता."

मिलोयका खुदकन हसली. डोळेही पुसले. मी नळीकडे तोंड फिरवलं. माझ्या घरी बायको आहे, दोन मुली आहेत, रविवारचं सूप आहे, आणि त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. का ते मला विचारू नका.

"तर मग," आल्बिन म्हणाला.

"तर मग," ती म्हणाली.

एकोणीस वर्षं त्यांना आकड्यांचा आधार होता आणि आता सांगायला आकडा नव्हता. हवा सांगून झाली होती. "तब्येत सांभाळा," असं दोघं एकदमच म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं, घरचा नंबर तरी मागायचास!" मी आतून म्हणालो.

"कशाला? फोन करून सांगू काय?"

"कर आणि बोल. लोक बोलतात तसं."

"ते तुझ्यासारख्यांना जमतं," ती म्हणाली. "तुझी नळी गळतेय बघ अजून."

जानेवारीत पोतित्सा आली आणि यंत्रही आलं. पोतित्सा अग्निशामक दलाच्या पोरांनी एका बैठकीत फस्त केली. यंत्राच्या पडद्यावर एकशे ऐंशी हिरवे चौकोन, तिकीट गेलं की चौकोन लाल. घरबसल्याही तिकीट काढता येतं. पोदलोगमध्ये कोण काढणार, अशी मी थट्टा केली.

पहिल्या रविवारी स्वच्छ ऊन. पाच वाजले तरी दारात चिटपाखरू नाही. मिलोयकाने पर्स उघडली आणि हात तसाच थांबला. पडद्यावर एक चौकोन लाल होता. सातवी रांग, बारा नंबर.

"कोणीतरी येतंय," मी म्हणालो.

आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा, बारा. ती दोनदा दारापर्यंत जाऊन रस्ता बघून आली. केस नीट केले. पंधराव्या मिनिटाला तिने बारा नंबरचं तिकीट छापलं, रिवाजाप्रमाणे फाडलं, आणि अर्धं आपल्या खिशात ठेवलं.

"सुरू कर, रादो. तिकीट गेलंय."

"माणूस कुठाय पण?"

"सुरू कर म्हटलं ना."

ती अकरावर जाऊन बसली. त्या दिवशी तिने स्वतःचं तिकीट काढलं नाही. गरज नव्हती.

मग दर रविवारी तसंच. पाऊस असो, ऊन असो, गर्दी असो, बारा नंबर लाल. एकदा पावसात चाळीस माणसं आली तेव्हा पावरोटीवाला आंतोन आपल्या वजनासकट बारावर बसला. मिलोयका तिकीटखिडकी सोडून आत गेली.

"उठा. ही खुर्ची गेलेली आहे."

"कोणाला गेली? रिकामी तर आहे!"

"गेलेली म्हणजे गेलेली. पलीकडे बसा."

"खुर्चीलाही नवरा शोधलास की काय, मिलोयका?" तो म्हणाला, आणि सगळं भवन हसलं. ती लाल झाली, पण त्याला उठवलंच.

मी वरून बघायचो. विनोद आला की ती किंचित उजवीकडे मान वळवायची. कुत्रा आला की हमखास. मी एकदा न राहवून म्हटलं, राजधानीहून बस दीड तासात येते, ये म्हणावं त्याला. ती म्हणाली, "यायचं असतं तर ते आले असते. नसेल जमत. हे जमतं, म्हणून हे करतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्या महिन्यांत तिने निळा स्कार्फ घेतला आणि मला कॉफी पाजायला लागली. तेरा वर्षांत प्रथमच.

असे चौदा रविवार गेले.

पंधरावा एप्रिलमधला. चेरीची झाडं फुललेली, म्हणजे आमची तिकीटखिडकी ओस. मी पाचला खाली आलो, सवयीने पडद्याकडे पाहिलं. एकशे ऐंशी हिरवे.

"विसरला वाटतं तुझा माणूस," मी म्हणालो. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मिलोयका काळा कोट घालून बसली होती. तिने पर्समधून वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा काढून खिडकीच्या फळीवर ठेवला. मृत्यूची चौकट. आल्बिन स्तारे, वय अडुसष्ट. दोन वर्षांच्या आजारानंतर गुरुवारी घरी निधन. खाली एका भाच्याचं नाव. आणखी कोणाचंच नाही.

"काल अंत्यविधी होता," ती म्हणाली. "मी जाऊन आले. आठ जण होतो. भाच्याने विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, पोदलोगहून आले. त्याला काय कळणार."

दोन वर्षं आजारी. म्हणजे तो खोकला. म्हणजे अंथरुणात बसून तो दर रविवारी एक चौकोन लाल करत होता. मी खिशातून पाच युरो काढले आणि फळीवर ठेवले.

"बारा नंबर दे," मी म्हणालो. "सिनेमा लावतो. तू आत बस."

तिने नोट माझ्याकडे परत सरकवली.

"नको, रादो."

"मग तुझं काढ. एवढ्या वर्षांत इथून शून्य गेलं नाही."

"आज जाऊ दे," ती म्हणाली. "एक माणूस कमी झालाय. कुठेतरी लिहिलं जाऊ दे."

पंधरा मिनिटं आम्ही दोघं बसून राहिलो. बाहेर कोणाच्या तरी सायकलची घंटा वाजली आणि लांब गेली. सव्वापाचला तिने यंत्राचं बटण दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? तिने पुन्हा दाबलं. पोदलोग, रविवार, शून्य.

ती बंद फोनकडे बघत होती. अजून कोणी तो काढून नेला नव्हता.

"आता ते नुसतं 'बरं' म्हणाले असते," ती म्हणाली, आणि तिने खिडकीचा पडदा खाली ओढला.