पालथी पात्रे

कॅप्टन मिन थेनने गुडघे टेकले आणि वाफाळत्या भाताचा पहिला डाव पुढे केला. समोर चटईवर पाच भिक्षू बसले होते. पाचांचीही पात्रे पालथी होती.

डाव तसाच हवेत राहिला.

भिक्षू आपण होऊन आले नव्हते. नदीपलीकडच्या गावात शिपायांनी भिक्षूंवर हात टाकला, तेव्हापासून विहाराने ठरवले होते: सेनापती माफी मागून लोकांशी बोलायला बसत नाहीत तोवर फौजेच्या हातची भिक्षा घ्यायची नाही. मात्र कुणी दगडही उचलायचा नाही. रोज मैत्री सुत्त म्हणत रस्त्याने चालायचे, एवढेच. आज कॅप्टनचे वडील जाऊन सातवा दिवस होता, आणि सातव्याला भिक्षूंना भोजन द्यायची रीत. भिक्षाफेरी निघायच्या आधीच त्याने विहारावर ट्रक पाठवून त्यांना घरी आणवले होते.

"भंते, बाबा कुणी सेनापती नव्हते," तो म्हणाला. "साधे शिपाई. सुरुंगात पाय गेला त्यांचा."

"ठाऊक आहे," थोरले भिक्षू ऊ कोविद म्हणाले. "काल विहारात त्यांच्यासाठी पाठ केला आम्ही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात?"

"मग माझ्याच हातचं का नको?"

"घेतलं तर आज तुला शांत झोप लागेल. म्हणून नको."

कॅप्टनने डाव खाली घेतला नाही. भिंतीशी त्याची आई, दॉ खिन स्वे, बसली होती. तिने दाराबाहेर नजर टाकली.

"ऊन बघ कुठं आलंय. बारा वाजले की यांना घास चालत नाही. यांची फेरी तू चुकवलीस. बापाच्या नावानं उपाशी ठेवणार आहेस यांना?"

"ट्रकनं पोचवतो लगेच."

"आम्ही चालत जाऊ," ऊ कोविद म्हणाले आणि उठले. त्यांच्यामागे चौघेही उठले.

दॉ खिन स्वे त्यांच्यापुढे अनवाणीच गल्लीत उतरली. शिपाई बंदुका घेऊन दोन्ही बाजूंना उभे होते. दारे बंद होती.

"अगं दॉ तिन! मासळीचा वास सुटलाय की तुझ्या घरातून! आण ना बाहेर!"

"आणते गं," आतून आवाज आला. "पण ते बंदूकवाले..."

दॉ खिन स्वेने मागे वळून मुलाकडे पाहिले. तो उंबऱ्यात उभा होता, हातात डाव तसाच.

"सगळे ट्रकमध्ये बसा," तो शिपायांना म्हणाला. "तोंडं नदीकडे करून."

आधी दॉ तिनचे दार उघडले, मग शेजारचे, मग समोरची दोन. पात्रे सुलटी झाली. कुणी भात घातला, कुणी मासळी, एका म्हातारीने नुसतीच केळी. भिक्षूंनी हळू आवाजात सुत्त सुरू केले.

वायरलेस घेऊन सार्जंट ट्रकमधून उतरला आणि जवळ आला.

"साहेब, पाचांहून जास्त माणसं झाली. जमावबंदीच्या हुकमाप्रमाणे वर कळवायला हवं."

"तुमच्या गावात भिक्षूंना माणसांत मोजतात का रे?"

सार्जंटने जरा विचार केला.

"नाही साहेब. त्यांची मोजणीच निराळी."

"आणि बायका?"

"बायका..." सार्जंटने गल्लीभर नजर फिरवली. "बायका आपापल्या दारात आहेत, साहेब."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. छावणीतून विचारणा होती. कॅप्टनने डाव उंबऱ्यावर ठेवला आणि यंत्र स्वतःकडे घेतले.

"वडिलांचा सातवा आहे," तो म्हणाला. "बाकी सगळं शांत."

बोलता बोलता तो गल्लीकडे पाठ करून घरात शिरला, पार आतल्या खोलीपर्यंत गेला आणि त्याने दार ओढून घेतले. बाहेर सुत्तात आता बायकांचेही आवाज मिसळले होते.