अदबीचा प्रश्न

जर्मनीत नर्स म्हणून जायचं तर आधी भाषा हवी, म्हणून सीमा जर्मन शिकत होती. आजचा गृहपाठ होता डॉक्टरांच्या दवाखान्याला ईमेल. 'डॉक्टर कधी येणार?' असं तोंडावर फेकायचं नाही, मॅडमनी बजावलं होतं. 'डॉक्टर कधी येतील, हे आपण मला सांगू शकाल का?' असं अदबीनं विचारायचं.

तेच वाक्य मोबाइलवर लिहीत ती तळोद्याच्या एका दवाखान्यात आईशेजारी बसली होती. तिची आई, दिवलीबाई, पहिल्या जीपनं धडगावचा घाट उतरून आली होती. दोन तास झाले तशी आई उठली, काउंटरशी गेली नि हळूच म्हणाली, "डॉक्टर..."

"ए बाई, तठे बस! समजत नही का तुले?" काउंटरवरची, लेकीच्या वयाची पोरगी मान वर न करता खेकसली. आई निमूट परतली, जणू चूक तिचीच.

सीमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडकन उठली नि काउंटरवर हात टेकून एकेक शब्द सावकाश म्हणाली, "ताई, माझ्या आईला अहो-जाहो करणारा दवाखाना कुठल्या देशात आहे, हे आपण मला सांगू शकाल का?"