हातमोज्याचं भोक

प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. तिथे साधे उंदीर होते, आणि प्लास्टिकच्या बंद पेटीत जन्मलेले, पोटात एकही जंतू नसलेले उंदीर होते. फळांवर फवारतात ते बुरशीनाशक दोघांनाही रोज मिळे. साधे उंदीर मलूल होत आणि त्यानंतर आठवड्याभरात मान टाकत, कारण त्यांच्या आतड्यातले जंतू त्या औषधाचं जहर करत. पेटीतले मात्र ठणठणीत.

मंगळवारी पेटीतला एक उंदीर अंग चोरून बसलेला दिसला. गुरुवारी तो मेला. पेटीत हात घालण्यासाठी तिला जोडलेल्या रबरी हातमोज्याला करंगळीपाशी सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं.

प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मेलेल्या उंदराच्या लेंड्या तपासल्या, सगळ्या कामगारांच्या शौचाच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्या, आणि शुक्रवारी जेवणानंतर मावशींना बोलावलं.

“मावशी, जंतू तुमचे आहेत. तुमच्या पोटातले.”

“अहो, हात घासून घासून माझी सालटी निघतात!”

“तरी थोडे राहतातच. पण गंमत बघा, साध्या उंदरांना आठवडा लागतो, हा दोन दिवसांत गेला. तुमचे भलतेच तरबेज निघाले.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मावशींना हसू फुटेना. सून रोज डब्यात सफरचंद देई आणि बजावे, “साल काढू नका, सगळं सत्त्व सालीतच असतं.” आजचं तर त्यांनी देठापर्यंत खाल्लं होतं.

पोटात हळूच गुडगुडलं. आत कुणीतरी कामाला लागलं होतं.