मीटरपासून वेगळी वायर

तापातून उठले आणि माझी वासाची जाण गेली ती गेलीच. फोडणी करपली तर कळायचं ते धूर डोळ्यांत गेल्यावर. पण त्याने माझं काही अडलं नव्हतं. जन्मभर रांधलेल्या बाईला तेल तापलेलं कानानेही कळतं. मग एका दुपारी चहा उतरवला आणि गॅसचं बटण अर्धवटच फिरलं; ज्योत विझली, गॅस सुटत राहिला. माझी सून चेतना त्या दिवशी ऑफिसातून लवकर आली म्हणून बरं. दार उघडलं आणि ती किंचाळलीच. मी हॉलमध्ये वालाच्या शेंगा सोलत बसले होते, मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा मुलगा हर्षद कामावर निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर काढून बॅगेत टाकायला लागला. घर मुलुंडला, ऑफिस अंधेरीला, आणि माझी चूल दिवसभर त्याच्या लॅपटॉपशेजारी. मी थर्मासमधला चहा प्यायचा आणि डब्यातलं गार जेवायचं. "आई, आराम कर ना," असं तो वर म्हणायचा. म्हाताऱ्या माणसाला अडगळीत टाकायचं असलं की लोक त्याला आराम म्हणतात. मला त्याचा संताप यायचा आणि रडूही यायचं, पण रडले असते तर तेही आजारात धरलं असतं.

शेवटी मी सांगितलं, "गॅसची भीती वाटते ना? मग विजेची रेंज आण. वर चार कॉइल, खाली ओव्हन. गॅसच नाही म्हटल्यावर वासाचा प्रश्न मिटला."

"इंडक्शन घेऊ ना छोटंसं."

"माझे ॲल्युमिनियमचे टोप त्याच्यावर तापत नाहीत. आणि मला बाहुलीचा संसार मांडायचा नाहीये."

हर्षदने खूप आढेवेढे घेतले आणि मग अट घातली. "एक काही झालं ना, साधा चटका जरी बसला, तरी रेंज जाणार आणि किचन तुला बंद. स्वयंपाकाला बाई ठेवू. डन?"

"डन," मी म्हटलं. गरज मला होती, दुसरं काय म्हणणार?

आमच्या बिल्डिंगची विजेची कामं कुंडलिक करतो. त्याला बोलावलं. त्याने रेंजचं माहितीपुस्तक चाळलं आणि म्हणाला, "मावशी, ही पिन खुपसून चालवायची वस्तू नाय. मीटरपासून वेगळी जाड वायर ओढायला लागेल, तिचा स्वतःचा एमसीबी, आणि अर्थिंग एकदम पक्कं. त्याच्या आधी कंपनीकडून लोड वाढवून घ्या." हर्षदने अर्ज केला. मंजुरी यायच्या आधी रेंजच आली आणि थर्माकोल अंगावर घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली.

तेवढ्यात अक्षय तृतीया आली, आणि मालाडहून माझे धाकटे दीर दशरथ आले. तरुणपणी ते गिरणीत वायरमनच्या हाताखाली होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण त्यांच्यातला वायरमन काही बंद पडला नाही. आल्या आल्या त्यांनी रेंजला प्रदक्षिणा घातली आणि जाहीर केलं, "साडेतीन मुहूर्तातलो दिवस आसा, तिथी दुपारपर्यंतच. आज चूल पेटाक व्हयी."

आमच्यात नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध ठेवतात आणि ते मुद्दाम उतू जाऊ देतात. घर तसंच भरून वाहावं म्हणून. माझ्या लग्नानंतर भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर घातलं होतं, इथे आलो तेव्हा गॅसवर घातलं. त्यामुळे कोणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. चेतना दूध काढायला फ्रिजकडे वळली आणि मी साडी बदलायला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर न्हाणीघराच्या झरोक्यातून एक वायर स्वयंपाकघरात उतरलेली. भावजींनी रेंज सरळ गिझरच्या पॉइंटवर जोडली होती.

आता आमच्या न्हाणीघराचं सांगते. गिझरच्या त्या पॉइंटमुळे तिथला नळ झिणझिण्या द्यायचा. लाद्या बदलल्या तेव्हापासून द्यायचा. म्हणून आम्ही सगळे पायात रबरी चपला घालून अंघोळ करायचो. पाहुणा आला तर त्याला टॉवेलबरोबर चपलाही द्यायचो, आणि तोही निमूट घालायचा. इतक्या वर्षांत त्याचं कोणाला नवल वाटलं नव्हतं. मलाही नाही. त्या दिवशी मात्र ती वायर बघितली आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. त्याच पॉइंटवर आता हा एवढा लोखंडी पेटारा, त्याच्यावर दूध उतू जाणार, खाली कॉइलमध्ये झिरपणार, आणि ओल्या हाताने ते पुसायला मी.

"भावजी, आधी ती वायर काढा."

"वयनी, तुमी काय एक काळजी करू नकात. ह्या माझ्यासाठी पोरखेळ आसा."

"त्या नळाक शॉक येता, भावजी!"

"मगे चपला घालून रांधा," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले, मीठ कमी आहे तर वरून घ्या म्हणावं तसं.

माझं डोकं सटकलं. माझ्या स्वयंपाकघरात आजवर चपलेचा पाय पडला नव्हता. देवाचा नैवेद्य मी चपला घालून रांधायचा? आणि तोही जीव मुठीत धरून? मी पॅसेजमध्ये गेले, मेन स्विच खाली ओढला, स्टूल आणलं आणि बोर्डाला पाठ लावून बसले. भर उन्हाळ्यात घरातले पंखे गरगरत थांबले.

"आई, काय चाललंय?" हर्षद धावत आला. "मुहूर्त जातोय. काका एवढ्या लांबून आलेत."

"जाऊ दे. कुंडलिक येईल, वायर ओढेल, तेव्हाच पेटेल."

"हट्ट तुझाच होता ना रेंजचा? आता ऐन वेळी घाबरलीस. मी तेच सांगत होतो, तुला झेपणार नाही."

हे मात्र मला फार लागलं. पेटवली तर जिवाशी खेळ आणि नाही पेटवली तर मी कुचकामी. दोन्हीकडून स्वयंपाकघर माझ्या हातातून जायचंच.

"झेपायचं म्हणजे काय रे? मरायला तयार असायचं?" मी म्हटलं. "माझी चूक झाली तर किचन मला बंद, असं ठरलंय आपलं. मग तुमच्या चुकीने मी चिकटले तर कोणाला काय बंद करणार, ते सांग. आत्ता मेन चालू करते. चपला काढ आणि जा, धर तो नळ."

हर्षद जागचा हलला नाही. भावजी छताकडे बघत राहिले. चेतनाने हातातली दुधाची पिशवी परत फ्रिजमध्ये ठेवली, न्हाणीघरात गेली आणि ती वायर तिने प्लगसकट बाहेर आणली. "काका, हे राहू द्या," एवढंच ती म्हणाली. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण स्टूल सोडायची हिंमत नव्हती. मुहूर्त टळेपर्यंत मी तिथेच घामाघूम बसून राहिले. भावजी रुसले, घुम्यासारखे जेवले, पण आमरस दोनदा मागून घेतला.

लोडची मंजुरी आली ती नेमकी अमावस्येच्या आदल्या दिवशी. भावजींचा फोन आला, दोन दिवस कळ काढा म्हणून. "अर्थिंगाक तिथी लागत नाय," मी सांगितलं, "आणि दूध मी तापवीन, उतू घालवचंय नाय. कॉइलमध्ये सांडून कोणाची भरभराट होत नाय." त्यांनी फोन ठेवून दिला. माझी काही हरकत नव्हती.

अमावस्येला सकाळी कुंडलिक आला. हर्षद त्या दिवशी घरूनच काम करत होता. कुंडलिकने आधी न्हाणीघर बघितलं. लाद्या बसवताना गिझरच्या पॉइंटची अर्थिंगची तार तुटली होती, ती त्याने नवी घातली. मग मीटरपासून स्वयंपाकघरापर्यंत नळीतून जाड वायर ओढली, बोर्डात वेगळा एमसीबी बसवला, रेंज पुढे कलंडू नये म्हणून मागून भिंतीला पट्टीने आवळली. हातातलं तपासणीचं मीटर लावून अर्थिंग दोनदा तपासलं. मी सगळा वेळ तिथेच उभी होते आणि न कळलेलं प्रत्येक काम विचारून घेत होते. तोही न कंटाळता सांगत होता.

शेवटी भिंतीवर रेंजचा मोठा स्विच तेवढा राहिला. "कुठं मारू?" त्याने विचारलं. "शेगडीच्या डोक्यावर नको, खाली भडका उडाला तर हात कसा घालणार?"

"इकडे पॅसेजमध्ये मार," हर्षद म्हणाला. "कुलूपवाला बॉक्स मिळतो ना? आम्ही निघताना बंद करून जात जाऊ."

म्हणजे एवढं सगळं करून चूल पुन्हा त्याच्याच किल्लीत.

"स्विच ओट्याच्या उजव्या अंगाला," मी म्हटलं. "माझा हात पोचेल तिथे."

"आई, सेफ्टीसाठी बोलतोय मी."

"मी पण त्याच्यासाठीच बोलते. कढई पेटली तर मी पॅसेजमध्ये येऊन तुला अंधेरीला फोन लावू, की बाबा रे, किल्ली कुठे आहे?"

कुंडलिक ड्रिल हातात धरून हर्षदकडे बघत राहिला.

"त्याच्याकडे काय बघतोस?" मी त्याला म्हटलं. "इथे रांधणार मी आहे."

"ठीक आहे," हर्षद म्हणाला. "पण आपलं ठरलंय ते लक्षात ठेव. एक चटका बसला तरी..."

"बसेल की. रांधणाऱ्या बाईला चटके बसतातच, लहानपणापासून बसतायत. ती तुझी अट मी आज मोडली, हर्षद. मी या घरात स्वयंपाकाला ठेवलेली बाई नाही, अटीवर राहायला."

मी पुढे झाले आणि ओट्याच्या उजवीकडे भिंतीवर तळवा टेकवला. "इथे," कुंडलिकला सांगितलं, आणि हात तसाच ठेवला. मग हर्षद वाटेतून बाजूला झाला. मी हात काढला, आणि कुंडलिकने तिथेच भोक पाडलं.