तीन नंबरची टाकी

“झकास!” बशीरकाकांनी तेल चाखायची निळी पेली खाली ठेवून ओठ पुसले. “हेदी, नळ सोड. तीन नंबर जाऊ दे मोठ्या टाकीत.”

शेजारी उभ्या नजीहाने आपली पेली पुन्हा हुंगली. तिनेही तेच तेल नुकतंच चाखलं होतं. आंबूस! ऑलिव्ह चार-पाच दिवस पोत्यांत कोंबून ठेवले की येतो, तोच वास. मोठ्या टाकीत अख्ख्या गावाचं वर्षाचं तेल होतं. हे त्यात मिसळलं की सगळंच मातीमोल.

पण बोलायचं कसं? झगवानच्या डोंगराखालच्या या घाण्यावर तीस वर्षं काकाच आधी चाखणार आणि काका म्हणतील तेच खरं. उलट बोलायची कोणाची छाती नव्हती. नजीहाला चव शिकवली तीही त्यांनीच. हिवाळ्यातल्या तापात त्यांचं नाक गेलं असावं, असं तिला महिनाभर वाटत होतं. पण समोर ऑलिव्ह घेऊन आलेले दहा-बारा शेतकरी बसलेले. त्यांच्यादेखत म्हाताऱ्याची अब्रू काढायची? छे!

हेदीचा हात नळावर गेला.

“हेदीभाऊ, थांबा जरा!” ती ओरडलीच. मग जीभ चावून काकांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “काका, सर्दीनं माझं नाक दगा देतंय बहुतेक. मला पोत्याचा वास येतोय. तुम्ही पुन्हा एकदा बघता का? म्हणजे माझी खात्री होईल.”

“सर्दी? तुला?” काका तिच्याकडे बघत राहिले. “माझ्या कॉफीत वासाला घालतात ते फुलांचं पाणी जास्त पडलंय, हे सकाळी दारातूनच ओळखलंस की ग. मला पिऊनही कळलं नव्हतं.”

तिचं सर्दीचं सोंग उघडं पडलं होतं. या अल्ला, आता भडकतात की काय!

काकांनी पेली तळहातात धरून ऊब दिली. बराच वेळ हुंगत राहिले.

“हेदी!” ते सगळ्यांना ऐकू जाईल असे गरजले. “सोडू नकोस! तीन नंबर आंबलंय. साबणवाल्याला द्या. मघाशी घाई झाली माझी.”

“काकांच्या नाकातून काही सुटायचं नाही बुवा!” एक शेतकरी म्हणाला.

काका नजीहाच्या कानाशी वाकले. “खरंच आंबलंय ना ग?”

“हो, काका.”

“बरं. चार नंबर आधी तू चाख. मग मला हळूच सांग.”