जीभ जड नाही

पीठगिरणी चालवणारी आत्या ओल्या पायरीवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. झालं होतं एवढंच. पण हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने "कशा पडलात?" म्हणून विचारलं, आत्याने एका दमात सगळं सांगितलं आणि डॉक्टरचा चेहराच उतरला.

आत्या डोंगरातली. तिकडे शब्दाचं शेपूट गिळून टाकतात आणि साधं वाक्यही भांडल्यासारखं वर चढवत नेतात. त्यात चाळीस वर्षं गिरणीच्या घरघरीवर आवाज काढायची सवय. डॉक्टरने खिशातलं पेन तिच्यासमोर धरलं.

"आजी, हे काय आहे?"

"पे," आत्या म्हणाली.

"आणि भिंतीवर?"

"घड्या."

डॉक्टरने केसपेपरवर लिहिलं: जीभ जड, शब्द अर्धवट. "मेंदूचा स्कॅन करावा लागेल," तो नर्सला म्हणाला.

आत्याने ते अक्षर उलट्या बाजूने वाचलं आणि तिचा पारा चढला. हात मोडलाय, डोकं नाही, असं तिने ठणकावलं. तिच्या तोंडून ते निघालं, "हा मोड्, डो ना!"

"हामोडोना," नर्सने लिहून घेतलं. "ही गोळी दिवसातून किती वेळा घेता, आजी?"

शेजारी उभा असलेला भाचा घामाघूम झाला. तोही डोंगरातलाच, पण शहरात आल्यावर त्याने जीभ अशी घासूनपुसून घेतली होती की बायकोनेही त्याची मूळ बोली कधी ऐकली नव्हती. "आत्या," तो हळूच म्हणाला, "जरा नीट बोल ना."

मनगटापेक्षा हे जास्त दुखलं.

"नीट?" आत्या कडाडली. "तुझी आई याच बोलीत तुला निजवायची. तेव्हा बरं कळत होतं! सांग याला."

भाच्याला शब्द न् शब्द कळला. त्याने दाराकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे वळून त्याने जीभ मोकळी सोडली. पायरी, मनगट, आणि आमच्याकडे सगळे असेच बोलतात हो, हे सगळं त्याने डोंगरातल्या बोलीत धाडधाड सांगून टाकलं.

डॉक्टर एक पाऊल मागे सरला. "तुम्हाला हा त्रास कधीपासून?"

नर्सला आधी हसू फुटलं, मग भाच्याला. आत्या हसली नाही. केसपेपरवरची ती ओळ खोडल्याशिवाय प्लास्टर घालून घेणार नाही, असं तिने भाच्याकरवी कळवलं आणि सुजलेला हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मागे रांग वाढत चालली. डॉक्टरने तिला दोन्ही हात उचलायला लावले, दात दाखवायला लावले, सरळ रेषेत चालायला लावलं. सगळं ठीक होतं. शेवटी तो तिच्यासमोर स्टूल ओढून बसला.

"पुन्हा एकदा सांगा, आजी."

तिने सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला तो ओरडलाच, "पायरी! पायरी ओली होती!"

"मग मघापासून काय सांगतेय?"

त्याने ओळ खोडली. आत्याला तेवढ्याने चालणार नव्हतं. तिने सांगितलं, भाच्याने उलगडलं आणि डॉक्टरने कान लाल करून खाली लिहिलं: रुग्ण स्पष्ट बोलते. ऐकणाऱ्याला वेळ लागतो.

प्लास्टर झाल्यावर दोघं फाटकापाशी आली, तेवढ्यात भाच्याच्या साहेबांचा फोन आला. भाच्याने एकदा आत्याकडे पाहिलं आणि डोंगरातल्या बोलीतच उत्तर दिलं.

"राँग नंबर," म्हणत साहेबांनी फोन ठेवला.

मिनिटभरात फोन पुन्हा वाजला. भाच्याने तो पुन्हा तसाच उचलला.