आवाज कुठे जात होता

सावधपणात कानवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ह्याचं तोंड कधी पोळलंही नव्हतं, तरी हा पाणी फुंकून प्यायचा. बहिऱ्या माणसांना कानाची मशीन बसवून देण्याचं त्याचं छोटं दुकान होतं, म्हणून सगळा रस्ता त्याला कानवाला म्हणायचा. वय बेचाळीस. बायको तीन वर्षांपूर्वी निघून गेली होती, तीही भांडण न करता, त्यामुळे दोष कोणाला द्यावा हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. आता दोन खोल्यांच्या घरात तो आणि त्याची एकाहत्तर वर्षांची आई, एवढीच माणसं.

दुपारी एक ते चार दुकान बंद असे. घरी जेवण झालं की तो आपल्या खोलीला कडी लावायचा आणि फोनवर काहीबाही बघायचा. काहीबाही म्हणजे काय ते फोड करून सांगायला नको. एकट्या मोठ्या माणसाने मोठ्या माणसांचं बघितलं, एवढंच. त्यात चोरी नव्हती की कोणाचं नुकसान नव्हतं. पण लाज काही कायद्याला विचारून येत नाही, म्हणून इथेही त्याची शिस्त कडक होती. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायची, झालं की बंद करायची. कुठेही खातं काढायचं नाही, खरा ईमेल द्यायचा नाही, कार्डाचा नंबर तर मेल्यावरही नाही. ओळखपत्राचा फोटो मागणाऱ्या साइटला दुरूनच नमस्कार. ‘परवानगी द्या’ असं काही आलं की नाही म्हणायचं, काहीही उतरवून घ्यायचं नाही. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावलेला. टीव्हीला फोन जोडायचा नाही, कारण एका गिऱ्हाइकाच्या घरी पाहुण्यांसमोर टीव्हीवर काय उमटलं होतं ते त्याच्या कानावर आलं होतं. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे कडेचं बटण खाली करून फोन सायलेंट. पहिल्याच दिवशी त्याने फोन कानाशी धरून खात्री केली होती. हूं नाही की चूं नाही.

असा हा माणूस त्या दिवशी सकाळी आईवर वैतागून दुकानात आला होता.

अडीच महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने आईला दोन्ही कानांत मशीन बसवून दिली होती, दुकानातली सगळ्यात चांगली. पहिले काही दिवस आई लहान मुलीसारखी घरभर हिंडत होती. नळ ठिबकतो ते ऐकू येतं, पाण्याला उकळी फुटते ते ऐकू येतं. मावशीला फोन लावून तासतास बोलायची आणि ठेवल्यावर म्हणायची, “ही अजून तशीच हसते रे!” आणि मग एकाएकी तिने तक्रार सुरू केली. टोचतात. कानाच्या आकाराचे ते मऊ साचे त्याने तीन वेळा घासून कमी केले, तरी टोचतातच. आता तर तिने मशीन डबीत घालून ठेवूनच दिली होती. पुन्हा घरात ओरडून बोलणं सुरू झालं, आणि मावशीचा फोन आला की आई तो त्याच्याच हातात द्यायची. “सांग तिला, मी बरी आहे.”

“सगळ्या जगाच्या म्हाताऱ्यांना ऐकू येतं, आणि कानवाल्याची आई बहिरी!” तो निघताना ओरडला होता. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!” आईने नुसती डबी पुढे केली होती.

दुकानात त्याने साचे भिंगाखाली धरून पाहिले. टोचण्यासारखं काही नव्हतं. मग त्याने मशीन कॉम्प्युटरला जोडली. ही मशीन सगळं लिहून ठेवतात: रोज किती तास कानात होती, आजूबाजूला गोंगाट किती, आणि फोनमधून थेट कानात आवाज आला असेल तर तो किती मिनिटं. “दिवसभर घालतो हो,” म्हणणाऱ्या आजोबांना “आजोबा, रोज वीस मिनिटं,” असं सुनेसमोर सांगताना त्याला बारीकशी मजा वाटायची. आज आईची लबाडी पकडायची होती.

नोंद उघडली. पहिले तीन आठवडे रोज अकरा तास, बारा तास. म्हणजे टोचत नव्हतं. मग सात तास, चार, दीड. मग शून्य. त्याने शेवटच्या रकान्याकडे सहज पाहिलं, फोनच्या. चौदा मिनिटं. बावीस. नऊ. रविवारी एक्केचाळीस.

त्याला हसू आलं. आईचा फोन जुना, बटणांचा. त्यातून मशीनला आवाज जायची सोयच नव्हती. मग कोणाचा फोन?

हसू तोंडावर तसंच राहिलं आणि नजर टेबलावरच्या आपल्या फोनवर गेली. मशीन बसवली त्या दिवशी, आई स्वयंपाकघरात असताना आपल्याला बाहेर बसून आवाज कमी-जास्त करता यावा, म्हणून त्याने ती आपल्या फोनला जोडली होती. गिऱ्हाइकाचं असतं तर संध्याकाळी तोडलं असतं. घरचं काम, कधीही होईल म्हणून राहून गेलं.

फोन मुका नव्हताच. कडेच्या बटणाने फक्त फोनचा स्वतःचा स्पीकर बंद होत होता. आवाज तसाच भिंतीपलीकडे जात होता, आईच्या दोन्ही कानांत, मध्ये काहीही न येता. जगभरच्या चोरांपासून लपून बसलेल्या ह्या शहाण्याने आपली खोली जन्मदात्या आईच्या डोक्यात उघडली होती.

तो उठला, बसला, पुन्हा उठला. दुसऱ्या कोणाचा फोन असेल. यंत्र आहे, चुकत असेल. मग त्याला दिसलं की मधे दोन दिवस शून्य होतं, आणि त्याच दोन दिवशी तो माल आणायला परगावी गेला होता. त्याने पडद्याचा उजेड कमी केला, जणू रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते आकडे वाचता येणार होते.

तेवढ्यात निवृत्त कंडक्टर आले, मशीन साफ करून घ्यायला. त्याने साफ केलं आणि त्यांच्या कानात घातलं.

“अहो, हा कान चांगला आहे माझा!” कंडक्टर म्हणाले. “बहिरा तिकडचा. आज लक्ष कुठंय तुमचं?”

“सॉरी, सॉरी काका.”

“असू द्या. खरं सांगू का, मी घरी कधीकधी काढूनच ठेवतो हे. मुलगा-सून आपसात बोलत असतात, त्यांना वाटतं म्हाताऱ्याला काय कळतंय. आपण ऐकायचं आणि मग जेवताना त्यांची तोंडं बघायची? त्यापेक्षा बहिरं बरं. त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं.”

कंडक्टर गेले, पण कानवाला हातात ब्रश घेऊन तिथेच उभा राहिला. इतका वेळ त्याला एकच खात होतं, तिने ऐकलं. आता दुसरं उमगलं आणि ते जास्त लागलं. तिला टोचत नव्हतं काहीच. ती त्याच्यासाठी बहिरी झाली होती.

मग एकेक आठवू लागलं. एका दुपारी बाहेर भांडं पडलं होतं, तो कडी काढून “काय झालं?” म्हणत आला, तर आई भिंतीला टेकून उभी होती आणि समोर शेजारच्या काकू. “हात निसटला,” आई म्हणाली होती, त्याच्याकडे न बघता. मग ती भर उन्हात “जरा पाय मोकळे करून येते” म्हणून बाहेर पडू लागली. मग जेवण झाल्यावर मशीन काढून ठेवू लागली, तर हाच तिच्यावर डाफरला होता: “काढायचं नाही! दुपारी लवंडतानासुद्धा नाही! सवय कशी होणार?” तिने सगळे रस्ते धुंडाळले होते, आणि त्याने एकेक बंद केला होता.

आणि हेही त्याला ठाऊक होतं, कारण रोज पंचवीस माणसांना तो हेच ऐकवत असे: कान फार दिवस रिकामे ठेवले तर डोकं शब्द विसरतं. नंतर कितीही चांगलं मशीन घाला, आवाज येतो, शब्द लागत नाही. आई महिना-दीड महिना शांततेत होती. आणखी चार-सहा महिने गेले, तर मावशीचं हसणं तिला परत मिळणार नव्हतं.

त्याने फोन काढला, जोडलेल्या वस्तूंच्या यादीत जाऊन आईची मशीन शोधली. ‘हे उपकरण विसरायचं?’ फोनने विचारलं. त्याने हो म्हटलं. दोन सेकंदांचं काम होतं. मग दुकानाचं शटर ओढून तो भर साडेअकराला घरी निघाला.

रस्ताभर तो वाक्यं जुळवत होता. मशीन बिघडलं होतं म्हणावं. नाही, मग ती पुन्हा बिघडेल म्हणून घालणार नाही. साचे बदलले म्हणावं. ती म्हणेल टोचतात, आणि दोघं खोटं खोटं खेळत बसतील, ती पुरती बहिरी होईपर्यंत. तिला खरं कळायला हवं होतं, की आता आवाज येणार नाही. आणि ते सांगायचं म्हणजे तोंड उघडायला हवं होतं. दोनदा तो दाराशी जाऊन जिन्यावरून परत फिरला. तिसऱ्यांदा शेजारच्या काकूंनी पाहिलं, तेव्हा आत जाणं भाग पडलं.

आई टेबलाशी शेंगा सोलत होती.

“झालं! आता घाल!” त्याने डबी दाखवून ओरडून सांगितलं.

“नको रे. टोचतात.”

“नाही टोचणार!”

“काय?”

“आता तसं होणार नाही! मी ते—” तो थांबला. खिडकी सताड उघडी होती आणि जिन्यात काकू. जी गोष्ट कुजबुजायलाही जीभ रेटत नाही, ती ओरडून कशी सांगायची? त्याने खिडकी लावली, दार लावलं. आई हे सगळं पाहत होती, हातातली शेंग तशीच. तो परत आला आणि डबी तिच्यासमोर ठेवून त्याने हात जोडले. विनोदाने नव्हे, खरोखरचे.

आईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग स्वतःच एकेक मशीन उचलून कानात बसवलं, सराईतपणे, कुठेही न टोचता.

“तपासतो,” तो म्हणाला आणि तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. तपासायची रीतच ती: मागे उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत, आणि हळू आवाजात एकेक शब्द बोलायचा. ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या धंद्याचे उपकार वाटले, कारण तिचं तोंड त्याला दिसत नव्हतं आणि त्याचं तिला.

“पाणी.”

“पाणी,” आई म्हणाली.

“दोरी.”

“दोरी.”

“सकाळ.”

“सकाळ.” शब्द स्वच्छ लागत होते. उशीर झाला नव्हता.

“चुकलं,” तो म्हणाला.

“चुकलं.”

“माझा फोन ह्याला जोडलेला होता. मला माहीत नव्हतं.”

आईने हे परत म्हटलं नाही. तिने एक शेंग उचलली आणि सोलली.

“आता तोडलाय,” तो घाईघाईने म्हणाला. “कायमचा. आता काही येणार नाही कानात. तू... तू ऐकलंस ना?”

“पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी बाई आजारी आहे,” आई म्हणाली. “विव्हळतेय बिचारी. वरच्या मजल्यावर जाऊन विचारून आले, सगळं ठीक आहे ना.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं कानवाल्याला झालं.

“मग कळलं. मी काय कुकुलं बाळ आहे?” तिने दाणे वाटीत टाकले. “त्याचं काही नाही रे. पण दुपारी कधी येईल त्याचा नेम नसायचा. ताई फोनवर बोलतेय आणि मध्येच ते सुरू. दुपारपुरतं काढलं, तर तू ओरडायचास. म्हटलं, काढूनच ठेवलेलं बरं.”

“मग मला सांगायचं ना!” तो एकदम ओरडला. “दीड महिना बहिरी बसलीस! मी तुला बोल बोल बोललो, ते ऐकून घेतलंस, आणि एक शब्द सांगवला नाही तुला?”

“काय सांगू? कोणत्या तोंडाने? सांगितलं असतं, तर तू परत माझ्यासमोर जेवायला बसला असतास? आजसुद्धा पाठीमागे उभा आहेस.” तिने आणखी एक शेंग उचलली. “सून निघून गेल्यापासून ह्या घरात त्या खोलीचं दार तेवढं तुझं आहे. ते मी कसं ढकलू?”

“आणि तुझं? मावशीचं बोलणं?”

“ऐकायचं ते पुष्कळ ऐकून झालंय माझं. मुलगा एकच आहे.”

तो खुर्चीची पाठ धरून उभा राहिला, आणि बायको गेली तेव्हाही जे रडू आलं नव्हतं ते आलं. आईला ते ऐकू गेलंच असणार. मशीन चांगली होती.

“समोर ये,” ती म्हणाली.

तीन पावलांचं अंतर, पण त्याला वेळ लागला. तो समोर आला आणि मान खाली घालून उभा राहिला. आईने शेंगांचे हात झटकले, त्याच्या हनुवटीला धरलं आणि मान वर केली. तिची नजर कुठेही चळली नाही, आणि तिने त्याचीही चळू दिली नाही.

“माफ कर आई!” तो म्हणाला, सवयीने, सगळ्या घराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “माफ कर!”

“ओरडू नकोस,” आई म्हणाली. “ऐकू येतंय मला.”